आयजीजी पॉझिटिव्ह आणि एक दुभती म्हैस

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना इथे पुस्तकं, प्रवास आणि मधूनमधून मोहाडीच्या आठवणी वाचायची सवय आहे. आज तसलं काही नाही. आज भांडायचंय. कोणाशी ते पुढे येईलच, पण त्यातले निम्मे लोक माझे नातेवाईक आहेत आणि ते ही पोस्ट वाचणार आहेत हे मला पक्कं माहीत आहे. (मोठे बाबा, तुम्हीसुद्धा!) पोस्ट लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं असं. ताप येऊन गेल्यानंतर वर्षानुवर्षं न जाणारा जो थकवा असतो, त्यावर "विषाणू अंगात लपून बसलाय" असं सांगून महिनोनमहिने अँटिव्हायरल गोळ्या विकणं ह्याला आज तरी औषधोपचार म्हणता येत नाही. तो व्यापार आहे. आणि हा व्यापार चालतो तो गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांमुळे जेवढा, त्याहून जास्त "तुला काही झालेलंच नाही" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांमुळे.

आता हे डोक्यात का आलं ते सांगते. माझी वहिनी. २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, घरातल्या सगळ्यांना ताप आला. तिलाही आला. दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही, ऑक्सिजन खाली गेला नाही, पंधरा दिवसांत सगळे उठले. ती उठली नाही. म्हणजे उठली, पण पूर्वीची वहिनी उठली नाही. जी बाई रोवणीच्या दिवसांत सकाळी चार माणसांचा स्वयंपाक करून बांधीत उतरायची आणि संध्याकाळी परत चूल पेटवायची, ती आता एक घागर उचलली की बसते. आणि ह्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट अशी की फटका लगेच बसत नाही. एखाद्या दिवशी बरं वाटतं म्हणून ती काम करते, त्या दिवशी काही होत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळते. मग आठ-आठ दिवस खाट. रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखी वाटत नाही. बाजारातून काय आणायचं ते दारात विसरते. तिच्याच शब्दांत, "मन तं होते ताई, पर आंगच उठत नाही."

ह्या शेवटच्या वाक्यात अख्खी व्याख्या आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ह्या आजाराचे निकष नव्याने मांडले. सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेली, कामकाज खूपच कमी करून टाकणारी थकावट. श्रमानंतर तब्येत ढासळणं. ताजंतवानं न करणारी झोप. आणि ह्या जोडीला एकतर विचार-स्मरणाचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर त्रास. ह्यातला श्रमानंतर ढासळण्याचा निकष कळीचा आहे. साधा थकलेला माणूस आराम केला की बरा होतो आणि थोडं चाललं-फिरलं की त्याला बरं वाटतं. इथे उलटं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९६९ सालीच ह्याला मज्जासंस्थेच्या आजारांत जागा दिली होती. 'क्रॉनिक फटिग सिंड्रोम' हे नाव मागाहून, १९८८ साली आलं, आणि खरं सांगायचं तर त्या नावाने वाटोळंच केलं. 'फटिग' काय, सगळ्यांनाच असतो!

तर वहिनीला घेऊन दादा गावातल्या डॉक्टरांकडे गेला. तिथे काय होतं ते पूर्व विदर्भात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सलाईन लागलं. त्यात लाल रंगाचं 'ताकदीचं' इंजेक्शन. (ह्या लाल बाटलीवर एक स्वतंत्र पोस्ट लिहायची आहे. आपल्याकडे बाटली लावल्याशिवाय पेशंटला आजारी असल्यासारखं आणि डॉक्टरला फी घेतल्यासारखं वाटत नाही.) तीन-चार वेळा बाटली झाली, फरक शून्य. मग तालुका, मग जिल्हा, मग एका मोठ्या शहरातला एक खासगी दवाखाना. नाव घेत नाही, कारण मला एका डॉक्टरशी भांडायचं नाही, असे पुष्कळ आहेत. तिथे सहा-सात हजारांच्या तपासण्या झाल्या आणि एका कागदावर लाल पेनाने गोल करून दाखवलं गेलं : एपस्टाइन-बार विषाणू, आयजीजी, पॉझिटिव्ह. "हा बघा, हा व्हायरस अंगात लपून बसलाय. कोविडने त्याला जागं केलंय." आणि व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या, दिवसातून तीनदा, तूर्त सहा महिने.

दादाने म्हैस विकली. दुभती.

आता त्या लाल गोलाबद्दल बोलू. एपस्टाइन-बार हा नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद. जगातल्या दर दहा प्रौढ माणसांतल्या नऊहून अधिक जणांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो, बहुतेकांना लहानपणीच, उष्ट्या पेल्यातून, मुक्यातून. एकदा आला की तो रक्तातल्या बी-पेशींत आयुष्यभर मुक्काम करतो आणि बहुतेक वेळ झोपून असतो. आयजीजी ही त्याच्याविरुद्ध शरीराने एकदा तयार केलेली आणि मग जन्मभर राखलेली प्रतिपिंडं. म्हणजे हा रिपोर्ट पॉझिटिव्ह येणं ही पोलीस ठाण्यातली जुनी नोंद झाली. चोर कधीतरी गावात येऊन गेला एवढंच त्यातून कळतं. तो आत्ता माजघरात आहे असं त्यातून ठरत नाही. हीच तपासणी दादाची केली असती तर पॉझिटिव्ह आली असती, माझी केली असती तरी आली असती, आणि पैजेवर सांगते, लाल गोल काढणाऱ्या डॉक्टरसाहेबांचीही आली असती. मग आम्ही सगळ्यांनीच सहा महिने गोळ्या घ्यायच्या का?

औषधाची गंमत तर पुढेच आहे. व्हॅलासायक्लोव्हिर पोटात गेल्यावर त्याचं असायक्लोव्हिर होतं. हे असायक्लोव्हिर स्वतः तसं निरुपद्रवी. विषाणू जेव्हा स्वतःच्या प्रती काढत असतो तेव्हा त्याचंच एक विकर ह्या औषधाला कार्यरत करतं, आणि मग ते विषाणूच्या डीएनएची साखळी तोडतं. फार हुशार रचना आहे, ती शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन बाईंना १९८८ साली नोबेल मिळालं ते उगाच नाही. नागिणीवर, मेंदूच्या हर्पिसवर हे औषध माणसं वाचवतं. पण ह्या रचनेचा अर्थ असा की झोपलेल्या विषाणूला ते हातही लावत नाही. जो कारखाना बंदच आहे त्यात तुम्ही संप कसा घडवणार?

"पण करून बघायला काय हरकत आहे?" असं आमच्या घरात तीन जणांनी विचारलं. करून बघितलंय ना! १९८८ सालीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टीफन स्ट्रॉस आणि सहकाऱ्यांनी असे २७ रुग्ण घेतले ज्यांच्यात एपस्टाइन-बारविरुद्धची प्रतिपिंडं नेहमीपेक्षा वेगळी दिसत होती. म्हणजे नुसता आयजीजीचा लाल गोल नव्हे, त्याहून बराच भक्कम संशय. त्यांना आळीपाळीने असायक्लोव्हिर आणि साखरेची गोळी दिली, कोणाला कधी काय हे न सांगता. चाचणी पूर्ण करणाऱ्या २४ जणांपैकी असायक्लोव्हिरवर ११ जणांना बरं वाटलं. ऐकायला छान वाटतं ना? साखरेवर १० जणांना वाटलं. आणि तिघांना मूत्रपिंडाला त्रास झाल्यामुळे चाचणीतून बाहेर काढावं लागलं. तो त्रास नंतर भरून आला, पण झाला. हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलंय. लाल पेन बहुधा तेव्हा शाळेत असेल, पण वाचायला वयाची अट नाही.

ह्या ११ आणि १० ह्या आकड्यांवर जरा थांबा, कारण "अमक्याला गोळीने फरक पडला" ह्या सगळ्या गोष्टींचं उत्तर त्यांत आहे. हा आजार चढ-उतारांचा आहे. माणूस डॉक्टरकडे जातो तो सगळ्यात वाईट काळात, आणि वाईट काळानंतर थोडा बरा काळ येतोच. त्या सुमारास जो कोणी काही दिलेलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग ती गोळी असो, लाल बाटली असो की चौंडेश्वरीचा अंगारा. (देवीचा अंगारा निदान म्हैस मागत नाही.)

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर. स्टॅनफर्डच्या एका गटाने २००६ साली १२ रुग्णांना ते दिलं, ९ जण सुधारल्याचं कळवलं आणि जगभरात आशेची लाट उसळली. पण त्यात तुलनेला कोणी नव्हतं. मग त्यांनीच ३० जणांची रीतसर चाचणी केली, ती २०१३ साली छापून आली. काही मोजमापांत, विशेषतः डोक्याच्या थकव्यात, थोडा फायदा दिसला. ३० जणांत दिसलेला थोडा फायदा ही पुढच्या मोठ्या चाचणीला सुरुवात असते, दुकान उघडण्याचा परवाना नव्हे. कारण हे औषध काही खोकल्याची गोळी नाही. अवयवरोपण झालेल्या रुग्णांसाठी ते बनलंय. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरू शकतात, गर्भाला धोका असतो, आणि कर्करोगाच्या शक्यतेचा इशारा खुद्द पाकिटावरच्या माहितीत असतो. वहिनीला हे लिहिलं नव्हतं एवढंच नशीब. पण "त्याने नाही झालं तर पुढचं स्ट्राँग औषध आहे" हे वाक्य तिला ऐकवलेलं होतं!

आणि उतावळेपणाचं टोक बघायचं असेल तर २००९ पाहा. ऑक्टोबरमध्ये 'सायन्स'सारख्या नियतकालिकात छापून आलं की ह्या आजाराच्या १०१ रुग्णांपैकी ६७ टक्के जणांत एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडला. रुग्णांना वाटलं, सापडला एकदाचा गुन्हेगार. काहींनी तर एड्सची औषधं सुरू केली. पुढे दोन वर्षं वेगवेगळ्या प्रयोगशाळा शोधत राहिल्या, आणि निघालं काय, तर तो विषाणू माणसांतला नव्हताच. उंदरांत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींमध्ये प्रयोगशाळेतच तयार झालेला आणि नमुन्यांत मिसळलेला. डिसेंबर २०११मध्ये 'सायन्स'ने तो लेख मागे घेतला. ज्यांनी औषधं घेतली त्यांचं पोट, त्यांचं यकृत, त्यांचे पैसे कोणी मागे घेतले नाहीत.

"ते जुनं झालं, कोविडचं वेगळं आहे," हे पुण्याच्या मावसभावाचं म्हणणं. तो वाचतो पुष्कळ, त्याला मी मानते. कोविडनंतर विषाणूचे अवशेष काही जणांच्या शरीरात महिनोनमहिने सापडतात हे खरंच आहे, आणि लपलेल्या विषाणूची कल्पना मूर्खपणाची नाही. म्हणूनच ती तपासली गेली. स्टॅनफर्डमध्ये १५५ जणांना पंधरा दिवस पॅक्सलोव्हिड किंवा त्याची खोटी गोळी दिली, निकाल २०२४ साली आला; येलच्या गटाने १०० जणांवर तसंच केलं, निकाल २०२५ साली. दोन्हीकडे फरक पडला नाही.

भाऊ म्हणेल, पंधरा दिवस पुरत नसतील, आणि ज्यांच्यात अवशेष खरोखर आहेत अशांनाच निवडायला हवं होतं. बरोबर! मला हे दोन्ही आक्षेप पटतात. पण त्यांतून काय निष्पन्न होतं बघ. निष्पन्न होतं की आणखी चाचण्या करा, लांब करा, रुग्ण नीट निवडा. त्यातून "मोहाडीच्या बाईला सहा महिन्यांच्या गोळ्या विका" हे कसं निघतं? आपल्या देशात चाचणीचे नियम आहेत, २०१९ सालचे. नैतिकता समितीची मंजुरी लागते, रुग्णाला समजेल अशा भाषेत सगळं सांगून संमती घ्यावी लागते, चाचणीमुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. वहिनीवर प्रयोगही झाला आणि बिलही तिलाच लागलं. समिती नाही, कागद नाही, आणि तिच्यात काय दिसलं ह्याची नोंदही कुठे नाही, म्हणजे पुढच्या बाईला त्या म्हशीचा काही उपयोग नाही.

मी अँटिव्हायरलच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर उद्या मला कोणी काढ्याची रेसिपी पाठवेल. हिपॅटायटिस सी पाहा. वर्षानुवर्षं थकलेली माणसं. तिथे रक्तात विषाणू मोजता येतो, सोफोसबुव्हिर आणि जोडीचं औषध बारा आठवडे द्यायचं, पुन्हा मोजायचं, आणि शंभरातल्या ९५च्या आसपास लोकांत विषाणू शून्य. ही औषधं भारतातच बनतात. तिथे कोणी 'लपून बसलाय' म्हणून डोळे मिचकावत नाही, आकडा दाखवतात. माझी मागणी एवढीच आहे : विषाणू दाखवा, मोजा, औषध द्या, पुन्हा मोजा, आणि माणूस उठला का ते बघा.

आपल्या भागाचाच अनुभव घ्या की. २००६चं चिकुनगुन्या आठवतंय ना? नावामुळे लोकांनी चिकन सोडलं होतं! (त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघालेला, त्यामुळे कोंबड्यांची दशा विचारू नका.) शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, अर्थ साधारण 'वाकून जाणं'. महाराष्ट्राला तो नवा नव्हता. १९७३ साली बार्शीला त्याची साथ येऊन गेली होती. पण २००६ साली भारतात १३ लाखांवर संशयित रुग्ण झाले, आणि ताप गेल्यावरही माणसं महिनोनमहिने सांधे धरून वाकत राहिली. तेव्हाही हाच वाद होता. रियुनियन बेटावरच्या संशोधकांना एका रुग्णाच्या सांध्यात दीड वर्षानंतर विषाणूचे अवशेष सापडले, २०१० साली ते छापून आलं. झालं, लपून बसलाय! पण नंतर कोलंबियात ३८ रुग्णांच्या सांध्यातलं पाणी बावीस महिन्यांनी तपासलं, ते २०१८ साली छापून आलं, आणि त्यात विषाणू सापडला नाही. म्हणजे काहींत असेल, पुष्कळांत नसतो, तरी दुखणं दोघांचं खरंच. औषधाचंही तसंच. क्लोरोक्विन विषाणूला आवरेल असं वाटत होतं. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने ७० रुग्णांवर क्लोरोक्विन आणि मेलॉक्सिकॅम ही साधी वेदनाशामक गोळी यांची २४ आठवडे तुलना केली. दोन्ही गटांत लोक सुधारले आणि क्लोरोक्विनने जास्तीचं काही दिलं नाही. मेलॉक्सिकॅमचा गट नसता तर क्लोरोक्विनचा जयजयकार झाला असता. हे आपल्या राज्यातल्या माणसांनी, आपल्याकडच्या साथीत करून दाखवलंय. मग थकव्याच्या बाबतीत आपल्याला स्टॅनफर्डचीच वाट का बघावी लागते?

एक अभ्यास मला सगळ्यात जास्त आवडतो. ऑस्ट्रेलियात डबो म्हणून एक गाव आहे, शेतीवाल्यांचं. तिथे संशोधकांनी २५३ माणसांना ताप आल्यापासून पुढे वर्षभर पाहिलं. काहींना एपस्टाइन-बार झाला होता, काहींना रॉस रिव्हर विषाणू (हा डासांतून येणारा, आपल्या चिकुनगुन्याचा चुलतभाऊ), काहींना क्यू फीवर. सहा महिन्यांनंतरही बारा टक्के लोक आजारी होते, आणि तिन्ही आजारांत प्रमाण जवळपास सारखंच. आता ह्यातली मेख बघा : क्यू फीवर विषाणूने होत नाही, जिवाणूने होतो. तीन वेगळे जंतू आणि शेवटी सारखंच दुखणं. मग एका विषाणूवरची गोळी सगळ्यांना कशी लागू पडणार? आणि कोण आजारी राहील ह्याचा अंदाज कशावरून बांधता आला? माणसाचा स्वभाव कसा होता, तो आधी दुःखी होता का, ह्यावरून नाही. सुरुवातीचा ताप किती जोरात होता ह्यावरून. हे २००६ साली छापून आलंय.

हे वाक्य आता मोठ्या बाबांसाठी पुन्हा लिहिते : स्वभावावरून नाही.

कारण पोस्टचा दुसरा अर्धा भाग आपल्याबद्दल आहे. दादा त्या शहरातल्या दवाखान्यात का गेला? कारण तोपर्यंत वहिनीने दोन वर्षं ऐकलं होतं की "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत", "काम नको म्हणून", "टीव्ही बघायला बरं वाटतं का", "आमच्या वेळी बायका बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी रोवणीला जायच्या". हे शेवटचं आपल्याच घरातल्या एका बाईने म्हटलंय, आणि त्यात अभिमान होता! अशा माणसाला जेव्हा पांढरा कोट घातलेला कोणी सांगतो, "तुम्हाला खरंच काहीतरी झालंय, हा बघा पुरावा," तेव्हा ती गोळी विकत घेत नाही. ती स्वतःची अब्रू विकत घेत असते. लाल गोल असलेला तो कागद वहिनीने घडी करून देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता. सासू-सासऱ्यांना दाखवायला. ह्यापेक्षा मोठी चपराक मला सुचत नाही.

हे आपल्याकडचंच आहे असंही नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये २९२ कर्मचारी असेच आजारी पडले, हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद वाचून जाहीर केलं की हा सामूहिक उन्माद होता. आजाऱ्यांना तपासलं नाही. एक कारण दिलं की आजाऱ्यांत बायकांचं प्रमाण जास्त होतं! पुढची कितीतरी वर्षं ह्या रुग्णांना सांगितलं गेलं की विचार बदला आणि रोज थोडा थोडा व्यायाम वाढवा. शेवटी २०२१च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या 'नाईस' ह्या संस्थेने ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला आपल्या मार्गदर्शक सूचनांमधून काढून टाकला. म्हणजे वहिनीला "सकाळी फिरायला जात जा" सांगणारे जे आहेत, त्यांनी निदान इथून पुढे ते थांबवावं. फिरून यायला काही नाही, तिसऱ्या दिवशीची खाट तुम्हाला दिसत नाही.

इथे कोणी हुशार वाचक विक्रम पटेल यांचा गोव्यातला अभ्यास काढेल, म्हणून मीच काढते. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला. गोव्यातल्या २४९४ बायकांपैकी १२.१ टक्के बायका सहा महिन्यांहून जास्त काळ थकलेल्या होत्या, आणि त्या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या अत्याचाराशी, निराशेशी. "बघा, मनाचंच!" असं म्हणण्याआधी ती यादी परत वाचा. कर्ज आणि उपास हे मनात नसतात. आणि त्या अभ्यासाने थकवा मोजला, वहिनीचा आजार नव्हे. थकलेल्या प्रत्येक बाईला हा आजार नसतो. आपल्या भागात तर आधी क्षयरोग, थायरॉइड, साखर, सिकलसेल, हत्तीरोग, रक्ताची कमतरता हे सगळं बघायलाच हवं, कारण त्यांतलं प्रत्येक इथे आहे आणि बहुतेकांवर काही ना काही करता येतं. वहिनीचं ते सगळं बघून झालं होतं. ते बघून झाल्यावरही जी बाई उठत नाही, तिला आपण काय देतो? लाल बाटली, लाल गोल, किंवा टोमणा.

आता सध्याची स्थिती. गोळ्या चौथ्या महिन्यात संपल्या, पैसे त्याआधीच संपले होते. फरक पडला नाही. दादाने आता भंडाऱ्यातल्या एका फिजिशियनला गाठलंय, जो स्पष्ट म्हणाला, "ह्यावर बरं करणारं औषध आज माझ्याकडे नाही, पण आजार खरा आहे." त्याने झोपेसाठी आणि उभं राहिल्यावर येणाऱ्या चक्करसाठी थोडं दिलंय, आणि एक वही करायला सांगितलीय : किती काम केलं की तिसऱ्या दिवशी कोसळते ते लिहायचं आणि त्या रेषेच्या अलीकडे थांबायचं. सध्या रेष अशी आहे : एक वेळचा स्वयंपाक, तोही बसून. ओट्याची उंची कमी केलीय. यंदा रोवणीला मजूर लावले, त्याचा खर्च मी आणि धाकट्याने वाटून घेतला. खाटेवरचे दिवस महिन्याला बारा-तेरा होते, ते पाच-सहावर आलेत. (हो हो, ह्यालाही तुलनेचा गट नाही, कळतंय मला! पण ह्याला म्हैस लागत नाही आणि मूत्रपिंडही लागत नाही.)

मे महिन्यात घरात लग्न आहे. वहिनी हळदीला येणार आहे, तासभर. दुसऱ्या दिवशी लग्नाला येणार नाही, तिसऱ्या दिवशीच्या पंगतीलाही नाही, हे दादाने सगळ्यांना फोन करून सांगितलंय. हळदीला ती आली की तिला खुर्ची द्या, पंख्याजवळची. "छान दिसतेस, आता बरी झालीस ना" असं म्हणू नका. आणि मोठी आई, तिला वाढायला उठवू नका, मी आहे.